रिग्ली फील्डचा ऑर्गन आणि माझं ठाम मत

बेसबॉल म्हणजे नुसतं उभं राहायचं, मधेच कोणीतरी पळतं आणि तीन तास जातात, हे मी शिकागोत आल्यापासून आपल्या मराठी मंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की आज एकदाचं सविस्तर लिहून टाकते. अहो, दोन बॉलच्या मधले ते रिकामे सेकंद हाच तर या खेळाचा जीव आहे. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कॅचरकडे, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या माणसाकडे बघतोय, बॅटर ग्लोव्हज घट्ट करतोय, फर्स्ट बेसवर, म्हणजे धावायच्या पहिल्या थांब्यावर उभा असलेला माणूस हळूच दोन पावलं पुढे सरकलाय आणि पिचरला ते माहितीये, हे सगळं त्या रिकाम्या वेळातच चालू असतं. आणि त्या वेळात स्टेडियममध्ये काय वाजावं, कोणी वाजवावं, याबद्दल मी खरंच खूप हळवी आहे.

मी कब्सवाली, म्हणजे शिकागोच्या कब्स या बेसबॉल टीमची फॅन. रेड लाइनने ॲडिसनला उतरायचं, बाहेर आलं की समोरच रिग्ली फील्ड, 1914 सालचं मैदान. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला पहिला ऑर्गन इथेच वाजला, 1941 मध्ये. आजही तिथे जिवंत माणूस ऑर्गनवर बसून मॅच बघत बघत वाजवतो, आणि माझ्या लेखी फरक इथेच पडतो. रेकॉर्डिंगला मॅच दिसत नाही, ऑर्गनवाल्याला दिसते. समोरच्या टीमचा कोच पिचरशी बोलायला निघाला, की तो चालत असतानाच ऑर्गनवर काहीतरी खोडकर सुरू होतं, ज्याला गाणं ओळखू आलं तो हसतो आणि शेजारच्याला सांगतो.

या कलेची राणी मात्र आमच्या शत्रूपक्षात होती, हे कब्सची फॅन असूनही मी मोकळ्या मनाने सांगते. नॅन्सी फाउस्ट, शिकागोच्याच दुसऱ्या टीमची, व्हाइट सॉक्सची ऑर्गनिस्ट, 1970 ते 2010. चाळीस वर्षं! खेळाडूचं नाव, त्याचा नंबर, त्याचं गाव, यावरून गाणं शोधून तो बॅटिंगला येताना वाजवायची. आज प्रत्येक बॅटर स्वतःचं वॉक-अप साँग निवडतो ना, त्याच्या आधीपासून ही बाई एकटी बसून हे करत होती. 1977 च्या सीझनमध्ये समोरच्या पिचरला बाहेर काढलं तेव्हा तिने स्टीम बँडचं 1969 चं ते ना ना हे हे वालं गाणं धरलं आणि सगळं स्टेडियम गायला लागलं. आज अमेरिकेत कुठल्याही खेळात हरणाऱ्याला निरोप द्यायला लोक ते गातात. कुठल्या मार्केटिंग मीटिंगमध्ये हे ठरलं नव्हतं, एका बाईने मॅच बघून योग्य क्षणी योग्य सूर लावला आणि लोकांनी तो उचलला.

आता सातव्या इनिंगचं सांगते, एका मॅचमध्ये नऊ इनिंग असतात. सातव्याच्या मध्ये सगळे उभे राहतात, पाय मोकळे करायला, आणि 1908 सालचं ते बॉलगेमला घेऊन चल वालं गाणं म्हणतात. लिहिणारा जॅक नॉरवर्थ, त्याने तेव्हा मेजर लीगची एकही मॅच पाहिलेली नव्हती, ट्रेनमधून जाताना पोलो ग्राउंड्स या न्यूयॉर्कच्या बेसबॉल मैदानाची पाटी दिसली आणि सुचलं. आपण गातो तो फक्त कोरस. मूळ कडव्यात केटी केसी नावाची मुलगी आहे, तिचा मित्र विचारतो की शो बघायला येतेस का, तर ती म्हणते शो नको, मला मॅचला ने. 1908 मध्ये! अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बायकांना अजून मतदानाचा हक्क नव्हता आणि गाण्यातली मुलगी हट्टाने बेसबॉल मागतेय. हे कडवं कोणी गात नाही याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

हे गाणं लोकांच्या तोंडी बसवलं हॅरी केरीने. कॉमेंटेटर माणूस, आवाज घोगरा, सुराशी फारसा संबंध नाही, बूथमध्ये स्वतःशीच गुणगुणायचा. 1976 मध्ये व्हाइट सॉक्सचा मालक बिल वेक याने त्याचा माइक चालू करून ते सगळ्या स्टेडियमला ऐकवलं. वेकचा हिशोब असा, की हा इतकं साधं गातो की ऐकणाऱ्या कोणालाच गायला संकोच वाटणार नाही. किती बरोबर ओळखलं होतं त्याने! गणपतीत आरतीला कोण सूर बघतं, सगळे घसा फाडून म्हणतात म्हणून तर ती आरती वाटते, तसंच आहे हे. केरी पुढे 1982 मध्ये कब्सकडे आला, गाणं बरोबर घेऊन आला, आणि 1998 मध्ये तो गेल्यापासून रिग्लीत पाहुणे गातात. पाहुणा बूथच्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकतो, एका हातात माइक, वन टू थ्री म्हणतो आणि बहुतेक वेळा भलत्याच पट्टीत सुरू करतो, मग ऑर्गनवाला त्याच्या मागे मागे धावतो. रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नने 2003 मध्ये शब्दच गिळले होते. चालतं! खाली लोकांना शब्द पाठ असतात, गाणं पार पडतं.

पण याच बिल वेकच्या मैदानावर 12 जुलै 1979 ची ती रात्रही झाली आणि तिच्याबद्दल न बोलता पुढे जाणं मला पटत नाही. डिस्को डिमॉलिशन नाइट. एक डिस्को रेकॉर्ड आणा, 98 सेंटमध्ये आत या. दोन मॅचच्या मध्ये एका रेडिओ डीजेने सेंटर फील्डमध्ये रेकॉर्डांचा ढीग स्फोटकं लावून उडवला, हजारो लोक मैदानात घुसले, गवताची वाट लागली, दुसरी मॅच झालीच नाही, न खेळताच समोरच्या डेट्रॉइटच्या टीमला विजयी ठरवलं. काही लोक आजही याला मजेदार किस्सा म्हणतात. मला नाही वाटत. विन्स लॉरेन्स तेव्हा तिथे अशर होता, सीट दाखवायचं काम करणारा कृष्णवर्णीय पोरगा, त्याने नंतर सांगितलंय की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डांमध्ये नुसतं डिस्को नव्हतं, काळ्या कलाकारांचं इतर संगीतही होतं. तोच पोरगा पुढे शिकागोच्या हाउस म्युझिकच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक झाला, ज्या संगीतावर आज जग नाचतं. एन्टरटेनमेंटच्या नावाखाली एखाद्याचं संगीत जाळायला गर्दी जमवायची आणि त्याला प्रमोशन म्हणायचं, हे मला कधीच पचणार नाही.

म्हणून स्टेडियममधलं संगीत ही मला साधी गोष्ट वाटत नाही. आता तर पिच क्लॉक आलाय, 2023 पासून, पिचरला मोजून सेकंद मिळतात, मॅच तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आली. माझा विरोध नाही, खेळ चांगला झालाय. पण वेळ कमी झाला तरी आवाज वाढतोच आहे. बॉल पडला की स्पीकरवर दणका, फाउल गेला की दणका, स्क्रीनवर टाळ्या वाजवा असा हुकूम. आयपीएलमध्ये डीजे आणि तो रेकॉर्डेड बिगुल ऐकून कान किटतात तेच इथेही व्हायला लागलंय. लोकांना टाळी कधी वाजवायची ते कळतं हो! दोन आउट, फुल काउंट, बेसेस लोडेड, म्हणजे पुढच्या एका बॉलवर सगळं ठरणार, अशा वेळी चाळीस हजार माणसं आपोआप उभी राहतात, तिथे स्पीकरची गरजच नसते.

आणि लोकांना आपलं गाणं कुठलं तेही कळतं. स्टीव्ह गुडमन, शिकागोचा गायक, जन्मभर कब्सचा भक्त, ल्युकेमिया झालेला. त्याने आधी मरणाऱ्या कब्स फॅनवर गाणं लिहिलं होतं, क्लबच्या मॅनेजमेंटला ते फार उदास वाटलं. मग शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओसाठी त्याने 1984 मध्ये गो कब्स गो लिहिलं, एकदम आनंदी. 20 सप्टेंबरला तो गेला, वय 36, आणि चारच दिवसांनी कब्सने आपला गट, म्हणजे डिव्हिजन जिंकली, 1945 नंतर पहिल्यांदा पोस्टसीझनमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या फेऱ्यांत गेले. मला हे लिहितानाही भरून येतं. 2016 मध्ये 108 वर्षांनी वर्ल्ड सीरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद आलं, क्लीव्हलंडमध्ये फायनलची सातवी मॅच, पावसाने थांबलेली, दहाव्या इनिंगमध्ये 8-7, आणि नंतर शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये लोकांनी त्याचंच गाणं गायलं. आधीचं विजेतेपद 1908 चं होतं, म्हणजे केटी केसीच्याच वर्षीचं.

या उन्हाळ्यात कोणी शिकागोला येणार असेल तर मला जरूर मेसेज करा, मी येते बरोबर. फक्त पाचव्या इनिंगला ट्रॅफिकचं कारण सांगून उठायचं नाही, आणि सातव्याला कोरस म्हणावाच लागेल, सूर कसाही असो.