‘फ्रॉइड बाद, स्किनर बाद, स्कॅन तेवढा खरा’ म्हणे

एक संदेश सध्या जोरात फिरतोय: ‘मानसशास्त्र म्हणजे नुसते मतांचे तट. फ्रॉइड खोटा ठरला, वर्तनवाद मेला, मानवतावाद म्हणजे गोड गोड बोलणं. आता मेंदूचा स्कॅन सगळं दाखवतो, बाकीचं रद्दीत घाला.’ बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या भाचीनं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, मग आम्ही पाठ काय करतोय?’

फ्रॉइड खोटा ठरला? बराचसा, हो. मनात दडपलेल्या, आपल्यालाच न कळणाऱ्या इच्छा आपल्याला चालवतात, हा त्याच्या मनोविश्लेषणाचा गाभा. त्यावरून लावलेला अर्थ रुग्णानं मान्य केला तर सिद्धांत बरोबर. नाकारला तर तो ‘प्रतिरोध’, म्हणजे पुन्हा सिद्धांतच बरोबर! अशानं तपासायचं काय? विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा आक्षेप याच जातीचा होता. पण अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेकचं काय झालं तेही बघा. तो मनोविश्लेषणातच तयार झालेला. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला त्यानं नैराश्यग्रस्तांची स्वप्नं तपासायला घेतली. राग सापडेना. सापडलं ते अपयश, नकार, काहीतरी हातचं जाणं. त्या धाग्यावरून साठच्या दशकात त्याची बोधनिक, म्हणजे रुग्णाचे चुकीचे विचार तपासून बदलणारी उपचारपद्धती उभी राहिली. फ्रॉइड चुकला, पण फुकट गेला असं मी तरी म्हणणार नाही.

वर्तनवाद म्हणजे मनात न डोकावता दिसणारं वागणं आणि त्याला मिळणारं बक्षीस-शिक्षा एवढंच अभ्यासणारा पंथ; स्किनर त्याचा म्होरक्या. त्याला जबर घाव बसला, हेही खरं. मुलांना भाषा कशी येते हे नुसत्या बक्षीस-शिक्षेनं उलगडत नाही, असं भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं १९५९ साली स्किनरच्या पुस्तकाचं परीक्षण करताना ठणकावून सांगितलं. पण भाषेऐवजी भीती घ्या. पीटर नावाचं जेमतेम तीन वर्षांचं पोर सशाला भ्यायचं. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईनं त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. खाण्यात व्यत्यय येणार नाही इतपतच पिंजरा हळूहळू पुढे. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं, बोटं कुरतडू देऊ लागलं. हे १९२४ सालचं. आज लिफ्टला किंवा कुत्र्याला घाबरणाऱ्यांवर जे उपचार होतात, त्यातही टप्प्याटप्प्यानं असंच जवळ जायचं असतं.

माणसात स्वतःहून वाढण्याची ओढ असते असं मानणारा मानवतावाद ढोबळ आहे, कबूल. त्या पंथातल्या मास्लोच्या १९४३ च्या लेखात त्याच्या नावानं खपणारा गरजांचा सुप्रसिद्ध पिरॅमिड तर नाहीच. पण समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित करून तपासायला सुरुवात करणाऱ्यांत कार्ल रॉजर्स होता, आणि तो मानवतावादीच.

आता स्कॅन. एफएमआरआय, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूचा स्कॅन, त्यात विचार दिसत नाही. रक्तातल्या प्राणवायूचे बदल टिपले जातात आणि चित्रातले रंग आकडेमोडीतून येतात. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जाहीर केलेला प्रयोग ऐका. त्यांनी मशिनमध्ये सॅमन मासा ठेवला. मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवून रीतसर विचारलं, यांच्या मनात कोणती भावना असेल? हजारो बिंदू एकाच वेळी तपासताना आकडेमोडीत जी दुरुस्ती करावी लागते ती वगळली, तर माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. दुरुस्ती केल्यावर गायब. मासळीबाजारात कल्ले उघडून बघणारी बाई काही फसली नसती.

म्हणून मेंदूचा अभ्यास कमी दर्जाचा ठरत नाही. अपस्मारासाठी १९५३ साली शस्त्रक्रिया झालेला एच. एम. हा रुग्ण त्याचाच पुरावा: मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा मोठा भाग काढला आणि नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. पण पुढचं कोडं सोडवलं ते मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नरनं, कागद, पेन्सिल आणि आरसा घेऊन. आरशात बघत दोन रेघांच्या मधून चांदणी गिरवायची. तीन दिवसांत त्याचा हात सफाईनं फिरू लागला. हे काम आपण आधी केलंय, याची त्याला आठवणच नव्हती. हाताची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती वेगळी, हे असं समोर आलं. एफएमआरआय तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

भाचीला तीच चांदणी आरशात बघून गिरवायला सांगितलीय. पहिल्या खेपेला कोपऱ्यावर पेन्सिल हटकून भलतीकडे पळते.