खुलासा : बाभूळ कापायला ५८ सीसीचंच चेनसॉ मशीन (साखळीची करवत) लागतं?

‘वाळलेल्या बाभळीला ५८ सीसी आणि २२ इंची बारच (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) हवा, लहान मशीन दम सोडतं’ असा मेसेज जळगाव-धुळ्याकडे फिरतोय. अर्धंच खरं आहे. मांडीएवढ्या जळणाला ४५-५० सीसी आणि १६-१८ इंची बार भरपूर होतो. लांब बारवर साखळी जास्त, म्हणजे घर्षण जास्त; वाढलेली ताकद तिथेच खर्ची पडते.

मशीन दम सोडतं ते बहुतेकदा बोथट साखळीमुळे. कापताना खाली काय पडतं ते बघा. दाणेदार चुरा पडला तर धार ठीक; पिठासारखा भुसा आणि धूर निघाला, मशीन रेटावं लागलं, तर कानस काढा. ०.३२५ इंच पिचच्या (साखळीच्या कड्यांमधलं अंतर) साखळीला ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशांत, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. बांधावरच्या बाभळीत माती, तार, खिळे असतात. एकदा दात लागला की धार गेलीच. दातापुढचा गेज (दात किती खोल कापेल ते ठरवणारा उंचवटा) दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. हे तर सगळेच विसरतात! जळकं ऑइल साखळीला घालू नका, त्यातल्या धातूच्या कणांनी बार झिजतो.

बुंधा खरंच दोन फुटी असेल, तर मोठं मशीन घ्या.