58 टक्के म्हणे!

अठ्ठावन्न. पाच नव्हे, आठ नव्हे, अठ्ठावन्न. लाईट गेली तेव्हा लॅपटॉपच्या कोपऱ्यातला बॅटरीचा तो आकडा मी या डोळ्यांनी बघितला, म्हणून तर निवांत बसले होते. नंदगडच्या पार्टीची लग्नपत्रिका चालली होती. मराठी बाजू झालेली, कन्नड बाजूचं मॅटर लावत होते. 'आपले नम्र'खाली 62 नावं, काका, मामा, आत्याचे यजमान, कुणी गाळलं तर मांडवात भांडण. एक्केचाळिसाव्या नावाला स्क्रीन काळी. सूचना नाही, पिवळा दिवा नाही, ती नेहमीची टुणटुण नाही. मेला सरळ.

सेव्ह का केलं नाहीस, हे विचारणार असाल तर गप बसा. ते आईनं विचारून झालंय, आणि आईला सेव्ह म्हणजे काय ते माहीत नाही.

तासाभरानं लाईट आली. चालू केला तर म्हणतो कसा, 4 टक्के. अरे मग मधले 54 कुणाच्या घशात गेले? आमच्या बेळगावात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे. मीही मुकाट्यानं माझ्या दारावरच्या बोर्डातलं मराठी बारीक करून घेतलं, अगदी पट्टी लावून. या लॅपटॉपच्या टक्क्याला पट्टी लावणारा कुणी नाही. तो 58 म्हणाला की 58.

रागानं रात्री वाचत बसले. तर म्हणे बॅटरीत किती शिल्लक आहे हे लॅपटॉपला थेट दिसतच नाही, तो अंदाज करतो. आत किती गेलं, बाहेर किती आलं, याचा हिशेब एक चिप ठेवते, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा. सेल जुने झाले की त्यांचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. हलकं काम असेल तोवर ढकलतात, पण पत्रिकेतल्या गणपतीसारखी जड फाईल आली की व्होल्टेज एकदम बसतं आणि मशीन स्वतःला बंद करून घेतं. वहीत 58 जमा, गल्ल्यात खडखडाट.

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' एवढं टाईप केलं की विंडोज सगळा दाखला काढून देतं. माझ्या बॅटरीची नवी असतानाची क्षमता 42,000 मिलीवॅट-अवर, आणि आता फुल चार्ज केल्यावर 15,540. म्हणजे 37 टक्के. साधारण 300 ते 500 चार्ज झाले की अशी बॅटरी 80 टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि कायम 100 वर ठेवून तापवली तर त्याआधीच. मी काय केलं? चार वर्षं चार्जर लावून, उशीवर ठेवून काम केलं. 80 वर चार्जिंग थांबवायची सोय याच लॅपटॉपमध्ये पहिल्या दिवसापासून होती! विकणाऱ्यानं बॅग फुकट दिली, माऊस फुकट दिला, हे एक वाक्य तेवढं फुकट देता आलं नाही त्याला.

मग कंपनीला फोन. मराठीसाठी पाच दाबा. दाबलं. पलीकडची मुलगी अगदी पुणेरी गोड, म्हणाली, मॅम, तुम्हाला कोल्हापूर सेंटर जवळ पडेल. अगं बाई, कोल्हापूर 110 किलोमीटर! बरं, तेही चालेल म्हटलं. पिनकोड सांगितला. दोन मिनिटं गाणं वाजलं. "मॅम, तुमचा पिनकोड कर्नाटकात येतो, तुम्हाला तिकडच्या टीमशी बोलावं लागेल." तिकडच्या टीमला लावलं तर, "स्टॉक इल्ल री." बेंगळूरहून येईल, पंधरा दिवस, 6,800 रुपये, पैसे आधी. आणि वर सल्ला, मॅडम, एवढे घालण्यापेक्षा नवीनच घ्या ना, एक्स्चेंज ऑफर आहे. म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला तर पाय बदला.

राग गिळून बाजारात गेले. दुरुस्तीच्या दुकानातल्या पोरानं मागचे अकरा स्क्रू काढले आणि हात मागं घेतला. बॅटरी तेलात सोडलेल्या पुरीसारखी टम्म. "अक्का, महिनाभर क्लिक होईना म्हणालीस की नाही? टचपॅड बिघडलं नाही, ह्यानं खालून ढकललंय ते." महिनाभर मी त्या टचपॅडवर अंगठे झिजवले आणि खाली हे पोट काढून बसलेलं!

पूर्वी लॅपटॉपच्या पाठीवर दोन खटके असायचे. सरकवले की बॅटरी हातात, दुसरी लावली की काम चालू. मग या लोकांना बारीक व्हायची हौस आली आणि बॅटरी आत गेली, स्क्रूखाली, कुठं कुठं तर गोंद लावून. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून असल्या बॅटऱ्या गिऱ्हाइकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा नियम लागू होतोय म्हणे. होऊ दे की. ज्या गावचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्या गावच्या माणसाला तुम्ही वाट बघायला शिकवू नका.

कंपनीची नको म्हणून 1,900 ची 'कंपॅटिबल' घातली. सहा महिने गॅरंटी, म्हणजे मार्करनं तारीख लिहिलेलं स्टिकर. घरी येऊन दाखला काढला: मूळ क्षमता 42,000, फुल चार्ज 42,000. एक मिलीवॅट-अवरही इकडं तिकडं नाही, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. खऱ्या मालाचा आकडा सहसा थोडा तरी हलतो. चाळीस मिनिटांत बंद. चिपमध्ये नुसता आकडा भरून ठेवलेला, दुसरं काय! परत घेऊन गेले तर तोच पोरगा, "आता 1,900 ला एवढंच येतंय की ओ अक्का." मघाशी ए, आता ओ. गॅरंटी कुठली? गॅरंटी बॅटरी फुगली तर. आता ही फुगायची वाट बघत बसू?

आणि सल्ले. बॅटरी फुगली म्हटल्यावर सगळी गल्ली इंजिनिअर. शेजारचे काका म्हणाले, रात्रभर फ्रीजमध्ये ठेव, उतरतंय. मामानं तर कहर केला, टाचणीनं बारीक भोक पाड, हवा जाते. मामा, ती हवा नाही! आतलं रसायन कुजून झालेला गॅस आहे तो, पेटणारा. टाचणीनं आतले थर एकमेकाला चिकटले की भोक पाडणाऱ्याच्या हातातच दिवाळी. सायकलच्या ट्यूबवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं सांगायचं?

जुनीचं काय करू, तर त्याच पोरानं ती माझ्याच पिशवीत घातली. "टाका की कुठं तरी." कुठं? तिच्यावर कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं चित्र छापलंय. कुठं टाकू नका ते कळलं. 2022 च्या नियमात जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे, असं मी फोनवर सांगून बघितलं. पुन्हा गाणं. यावेळी कन्नड.

सध्या ती पत्र्याच्या डब्यात, वाळूत पुरून, परसात तुळशीपासून लांब ठेवलीय. घंटागाडीवाल्यानं झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं. "ह्ये उडतंय काय ओ?" म्हणाला आणि गाडी पुढं घेतली. आई रोज सकाळी डब्याला लांबून वळसा घालून तुळशीला पाणी घालते आणि विचारते, "हे असंच ठेवून घेणार हाईस, की बारसं घालायचंय?"