कोल्हापुरी बोला, फुकटात शिका

कोल्हापुरी माणसाची नक्कल करायला कोल्हापुरात राहावं लागत नाही. परवा आमच्या घरी बारशाला आलेल्या एका पाहुण्यांनी हे दाखवून दिलं. त्यांच्याकडून मिळालेली विद्या पुढं देतोय.

सुरुवात 'नाद खुळा'नं करा. आमटी आवडली, नाद खुळा. लाइट गेली, नाद खुळा.

वाक्यागणिक एक शिवी घाला, नाहीतर आम्हाला कळत नाही.

दंड थोपटा. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तेव्हापासून इथं डॉक्टर, मास्तर, बँकवाले कुणी होतच नाही. सगळे पैलवान.

जेवताना हाशहुश करा. ताटात पांढरा रस्सा असला तरी!

आता हुकमी एक्का. आमच्याकडं कितीतरी बायका स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी गेलतो' असंच बोलतात. आमच्या काकू पंगतीत वाढत होत्या. कुणीतरी हाक मारली, तशा म्हणाल्या, "आलो आलो, चटणी घिऊन आलो." झालं. पाहुण्यांनी हातरुमाल पदरासारखा डोक्यावर घेतला, आवाज बारीक केला आणि "आल्लो, आल्लो" करत पंगतीतून फिरले. लोक हसले. मग मोबाइल काढून, "काकू, परत एकदा म्हणा ना, प्लीज!" संध्याकाळपर्यंत स्टेटसला काकू. खाली डोळ्यांतून पाणी काढणारे हसरे चेहरे. तेवढ्यात काकू मात्र 'येते', 'वाढते' म्हणायला लागल्या. अडखळत, पाहुण्यांकडं बघत. जन्म गेला त्यांचा 'आलो' म्हणण्यात, आणि आता स्वतःच्या स्वयंपाकघरात परीक्षा द्यायची?

२०२५ साली प्राडानं मिलानच्या रॅम्पवर आमच्या चपलेसारखी चप्पल आणली. ओरड झाल्यावर का असेना, मूळ भारतातलं आहे हे तरी कबूल केलं. तुम्ही तर ज्या बाईची नक्कल केलीत, तिलाच खुळ्यात काढलंत.

अहो पावणं, तिच्या हातचं मागून मागून खाल्लासा की! तवा बोली चालली, आणि ढेकर दिल्यावर हसू आलं व्हय? आईच्या वयाची बाई हाय ती. नक्कल करायला अक्कल लागती, आणि ती तुमच्याकडं न्हाई. ते स्टेटस आधी काढा. मग काकूंना फोन लावा. तिकडनं "बोलतो की, कोण?" असं आलं, तर दात न काढता गप माफी मागा.