आत्याबाई तापतात

“जावईबापू, बाहेर फार गारठा आहे का हो?” मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं.

बाहेर २७ अंश होते. जुलैची लख्ख दुपार, दोन्ही बाजूंना कॅनडातल्या रॉकीजचे डोंगर, आणि आमच्या गाडीतला हीटर शेवटच्या आकड्यावर. पंखाही शेवटच्या आकड्यावर. चारही काचा खाली केल्या होत्या, पण त्यातून येणारा वारा आतल्या वाऱ्यापुढे टिकत नव्हता. मुलगी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. बायको काहीच बोलत नव्हती, आणि ते हीटरपेक्षा जास्त जाणवत होतं.

“गारठा नाही आई,” मी म्हटलं, “इंजिन तापतंय म्हणून हीटर लावलाय.”

“इंजिन तापलंय म्हणून आपल्याला भाजायचं?”

तसं पाहिलं तर शास्त्र हेच आहे. गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाभोवती फिरून उकळायला आलेलं पाणी त्यातून जातं आणि आपली उष्णता आत बसलेल्यांना देऊन परत जातं. चढावर काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला की एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण लावायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. इंजिनाचा ताप माणसांनी वाटून घ्यायचा. हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “अस्सं,” आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

आता गाडीबद्दल. तिचं नाव आत्याबाई. हे मुलीने ठेवलं, ती सात वर्षांची असताना. तिचं म्हणणं होतं की ही घरातली आहे, म्हातारी आहे, सारखी कुरकुरते आणि हिला कोणी काही बोलू शकत नाही. २००४ सालचं मॉडेल, ३ लाख १२ हजार किलोमीटर झालेले. मागचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही, त्यामुळे त्या बाजूला जो बसेल त्याला बाहेरून दार उघडून अदबीने उतरवावं लागतं. सासूबाईंना वाटलं, जावई फार संस्कारी आहे. मी तो गैरसमज आठ दिवस जपला.

निघण्यापूर्वी बायकोने एकदाच विचारलं, “भाड्याने एखादी चांगली गाडी घेऊया का?” मी दुखावला गेलो. हीच गाडी मुलीला हॉस्पिटलमधून घरी घेऊन आली, हिनेच उणे ३० अंशांत एका किल्लीत स्टार्ट होऊन माझी नोकरी वाचवली, आणि आता डोंगर बघायची वेळ आली तर हिला घरी ठेवायचं? बायको म्हणाली, “मग तिला मागे बसव, आपण दुसरी चालवू.”

कॅलगरीहून बॅन्फपर्यंतचे १३० किलोमीटर आत्याबाई अशा गेल्या की मी दोनदा बायकोकडे बघितलं. ट्रान्स-कॅनडा हायवेवर प्राण्यांना रस्ता ओलांडायला बांधलेले पूल लागले. वर चक्क झाडं लावलेली, दोन्ही बाजूंना कुंपण, म्हणजे अस्वलं आणि लांडगे वरून जातील आणि गाड्या खालून. बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानात असे ६ पूल आणि खालून जाणारे ३८ बोगदे आहेत. सासूबाई प्रत्येक पुलाकडे मान वर करून बघत होत्या, एखादं अस्वल कठड्यावर रेलून उभं असेल अशा आशेने.

बॅन्फला मी सगळ्यांना इतिहास ऐकवला. १८८५ साली इथले गरम पाण्याचे झरे आणि भोवतालची जागा सरकारने राखीव केली, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांची सुरुवात तिथून झाली. म्हणजे गरम पाण्याचं प्रकरण या भागात जुनंच आहे. आमचं फक्त बॉनेटखाली होतं.

दुसऱ्या दिवशी मोरेन लेक. तिथे २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे, बसने जावं लागतं. मी खट्टू झालो, बाकीच्यांचे चेहरे उजळले. बसमध्ये एसी होता. सासूबाई म्हणाल्या, “सरकार चांगलं आहे इथलं.”

तिथून शेजारच्या योहो उद्यानाकडे उतरताना ब्रेकचा वास आला. घाबरण्यासारखं नव्हतं, पण लपवण्यासारखंही नव्हतं. खालचा गिअर टाकला, गाडी इंजिनावर धरली, आणि पाटी दिसली तिथे ‘बोगदे बघूया’ म्हणून थांबलो. खरं कारण ब्रेक निवण्याचं होतं. पण बोगदे खरोखरच बघण्यासारखे निघाले. १८८४ साली इथे रेल्वे आली तेव्हा ‘बिग हिल’ नावाचा साडेचार टक्क्यांचा उतार होता. उतरणारी पहिलीच गाडी सुसाट सुटली आणि तीन कामगार मेले. मग १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात गोल फिरणारे दोन बोगदे खोदले आणि उतार जवळपास निम्म्यावर आणला. लांब मालगाडी आली की तिचं तोंड एका भोकातून बाहेर पडत असतं आणि शेपूट दुसऱ्यातून आत शिरत असतं.

बायकोने पाटी पूर्ण वाचली. “रेल्वेला पंचवीस वर्षांत अक्कल आली,” ती म्हणाली. “तुला किती लागतील?”

तिसरा दिवस आइसफील्ड्स पार्कवेचा. लेक लुईसपासून जॅस्परपर्यंत २३२ किलोमीटर, मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच, आणि पेट्रोल वाटेत एकाच ठिकाणी. बो समिटचा चढ संपता संपता काटा उठून बसला, आणि तिथेच हीटरयोग सुरू झाला. सासूबाईंनी मागून वाकून, “अजून जोरात होत असेल तर करा,” म्हणत स्वतःच बटण पिळलं. ते त्यांच्या हातात आलं. हरवू नये म्हणून त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं.

त्यानंतर दहाएक मिनिटांनी मुलीने ग्लव्ह बॉक्समधला अस्वलांसाठी घेतलेला स्प्रे बाहेर काढला आणि त्यावरची सूचना मोठ्याने वाचली. “बाबा, पन्नास अंशांच्या वर ठेवू नका, डबा फुटू शकतो असं लिहिलंय. आणि हा इथे गरम झालाय.”

गाडीत शांतता पसरली.

“काय असतं त्यात?” सासूबाईंनी विचारलं.

“मिरचीचा अर्क.”

“इकडे दे.” त्यांनी डबा घेतला आणि हात खिडकीबाहेर काढून मशालीसारखा धरला. पुढचे तीस किलोमीटर आम्ही असे गेलो. समोरून येणारे लोक आम्हाला हात करत होते. त्यांना वाटलं असावं, कसली तरी मिरवणूक आहे.

सस्कॅचवन क्रॉसिंगच्या सपाटीवर काटा खाली आला. मी हळूच शीळही घातली. पण तिथून पुढे रस्ता एक मोठं वळण घेऊन सनवाप्ता खिंडीकडे चढतो. खिंड २,०३५ मीटरवर आहे, आणि तिथे जाईपर्यंत हवा इतकी विरळ होते की इंजिनाचा पाचवा हिस्सा जोर तसाच गायब होतो. आत्याबाईंकडे तेवढा शिल्लक नव्हता. वेगमर्यादा ९० ची, आम्ही ४० वर. एक अख्खं चाकांवरचं घर आम्हाला ओलांडून गेलं, खिडकीच्या पडद्यांसकट. मागे सायकली बांधलेल्या होत्या, आणि मला क्षणभर वाटलं आता त्याही पुढे जातील.

वळणाच्या वरच्या थांब्यावर कसाबसा पोचलो आणि बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही एवढं मला माहीत आहे. एकदा उघडलं होतं, भुवया परत यायला दोन महिने लागले. म्हणून बॉनेट वर करून, हात बांधून, दरीकडे बघत उभा राहिलो. बघायलाच आलो होतो असा चेहरा ठेवला.

दोन मिनिटांत मागे एक गाडी थांबली. मग दुसरी, मग चार. लोक दुर्बिणी घेऊन उतरले. या रस्त्यावर कडेला गाडी उभी दिसली की लोक एकच अर्थ काढतात.

“कुठे आहे?” एकाने कुजबुजत विचारलं.

“काय?”

“अस्वल.”

“रेडिएटर आहे,” मी म्हटलं.

एवढ्या माणसांचा एकदम हिरमोड केल्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात दुसरा नाही. पण देव दयाळू आहे. डावीकडच्या उतारावरून चार बिगहॉर्न मेंढे खाली आले, गोल वळलेल्या शिंगांचे, अगदी कार्याला बोलावल्यासारखे. गर्दीकडे बघितलंही नाही. सरळ आत्याबाईंपाशी गेले आणि चाटायला लागले.

कारण साधं आहे. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते गाडीला चिकटतं, आणि डोंगरातल्या या प्राण्यांना मिठाची भारी ओढ. नियमाने मेंढ्यांपासून ३० मीटर दूर राहायचं, अस्वल असेल तर १००. आणि जनावराला गाडी चाटू द्यायची नाही, तुम्ही गाडी पुढे न्यायची. पुढे न्यायची! मग काय, ती जागेवर राहिली आणि आम्ही चौघं मोजून तीस पावलं मागे गेलो. सासूबाईंनी आणखी पाच टाकली, त्यांची पावलं लहान म्हणून.

“मार्चपासून सांगतेय गाडी धू म्हणून,” बायको म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसत होती. “कोणीतरी मनावर घेतलं.”

मेंढ्यांनी पद्धतशीर काम केलं. एकाने मागचं चाक, एकाने दाराखालची पट्टी. आतून न उघडणाऱ्या दरवाज्यावर एकजण बराच रेंगाळला. लोक फोटो काढत होते. आत्याबाईंचे इतके फोटो आजवर मीही काढले नसतील. तेवढ्यात उद्यानाचा एक कर्मचारी आला आणि गाडी कोणाची म्हणून विचारलं. मी तीस मीटरवरून हात वर केला. त्याने वाफ बघितली, मेंढे बघितले, सासूबाईंच्या हातातला स्प्रे बघितला, आणि फारसं काही न बोलता मेंढ्यांना हाकलून दिलं. जाताना पाण्याची एक कॅन देऊन गेला. भला माणूस.

संध्याकाळी हळूहळू जॅस्परला पोचलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या मेकॅनिकने पाच मिनिटं बघितलं आणि रेडिएटरचं झाकण माझ्या तळहातावर ठेवलं. आतलं रबर झिजून गेलं होतं. हे झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी लवकर उकळत नाही. दाब गेला की सगळा कारभार बाहेरच्या हवेच्या हाती, आणि त्या उंचीवर साधं पाणी ९३ अंशांनाच उकळतं. बाकी इंजिन ठणठणीत आहे, तो म्हणाला. हे वाक्य मी बायकोसमोर त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

“म्हणजे घरीच एक झाकण बदललं असतं तर...” तिने सुरुवात केली.

“आत्याबाईला मिशा असत्या तर,” मी म्हटलं. तो विषय तिथेच मिटला असं मी धरून चाललो.

परतीला नवं झाकण, नवं कूलंट. सनवाप्ताचा चढ आला, काटा मध्यावर असा बसला की जणू चिकटवलाय. मी दोनदा काचेवर टिचकी मारली, हलला नाही. विजयी मुद्रेने म्हटलं, “आई, आता हीटर बंद करा.”

सासूबाईंनी पर्समधून बटण काढलं. मुलीने ते दांडीवर बसवून फिरवलं. बटण छान फिरत होतं, दोन्ही बाजूंना, गोल गोल. आतली दांडी तुटली होती. हीटर होता तिथेच होता, शेवटच्या आकड्यावर.

कोणीच काही बोललं नाही. बायकोने चारही काचा खाली केल्या. मुलीने टॉवेल ओला केला. आणि सासूबाईंनी ग्लव्ह बॉक्सच्या दिशेने हात पुढे केला. “दे तो डबा,” त्या म्हणाल्या. “या वेळी डाव्या खिडकीतून धरते, उजवा हात दुखतोय.”