वारी-कीर्तनावर बंदी? मेसेज खोटा आहे

परत तोच मेसेज फिरतोय, की अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या, महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्यामुळे वारी, कीर्तन, घरातली पूजा बंद होणार. साफ खोटं आहे हे. कायदा २०१३ चा, २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजुरी मिळाली. त्यात वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलंय. बंदी कशावर? साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊ न देता गंडादोरा, मंत्र करत बसण्यावर, भूत उतरवतो म्हणून साखळीने बांधून मारण्यावर. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाने ह्यासाठी आयुष्य घातलं, त्याच्या नावावर असलं काही खपवू नका. फॉरवर्ड करण्याआधी कायदा एकदा वाचा, फार मोठा नाहीये.