आई-बाबांचा रिचार्ज

राजेंद्रनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत आता दोघंच राहतात. मुलं पुण्याला नाहीतर थेट अमेरिकेत. घरात वायफाय आहे, तरी दोघांच्याही फोनमध्ये रोजच्या दोन जीबीचा पॅक. न वापरलेला डेटा रात्री बाराला संपतो. पेन्शनीतले हे पैसे असे वाया जाताना बघून मला खरंच राग येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणं बंधनकारक केलं. अशा पॅकची मुदतही ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. पण दुकानात नुसतं "रिचार्ज करून दे" म्हटलं की डेटावालाच पॅक मारला जातो. म्हणून "फक्त कॉलिंगचा" असं स्पष्ट सांगा. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणाऱ्यांनी मात्र हा घेऊ नये, त्यांना बाहेर नेट लागतंच.

मुलाकडे सहा महिने जायचं ठरलं की खरी काळजी इथल्या नंबरची करायची. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. इंटरनॅशनल रोमिंग, म्हणजे इथला नंबर परदेशात चालण्याची सोय, निघण्याआधी इथूनच चालू करून घ्या. परदेशात असताना आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, आलेला कॉल उचलला तर पडतात. आणि रिचार्ज संपू देऊ नका. नंबर ९० दिवस वापरात नसेल आणि बॅलन्सही नसेल, तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. बँकेत नोंदवलेला नंबर परक्याच्या हातात जाणं ही साधी गोष्ट नाही.

नेट तिकडचं घ्या: मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन, किंवा ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम. मी आईच्या फोनमध्ये दोन्ही सिमना नावं दिली आहेत, 'बँक' आणि 'नेट'. 'बँक'चं डेटा रोमिंग कायम बंद. जुना फोन असेल तर तो तिकडे चालेल का हे आधी विचारा, कारण अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी, म्हणजे जुन्या फोनना लागणारं नेटवर्क, बंद केलं.

आठवडाभर दुबईला जायचं असेल तर एवढा खटाटोप नको, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक पुरे. त्यात कॉलची मिनिटं किती हे मात्र बघून घ्या, तिथे व्हॉट्सअॅप कॉल चालत नाही. विमानात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा. विमानातलं नेटवर्क पकडलं गेलं तर त्याचे दर वेगळे असतात, देशाच्या पॅकमध्ये ते धरलेले नसतात.